जुन्या वस्तूंचे नुसते फोटो नकोत, पूर्ण कृती छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या साप्ताहिक पुरवणीत घरच्या हस्तकलेला, गोधडीकामाला आणि जुन्या फर्निचरला नवे रूप देण्याच्या कल्पनांना अलीकडे बऱ्यापैकी जागा मिळू लागली आहे, याचा या कामात रमणाऱ्या माझ्यासारख्या वाचकांना मनापासून आनंद होतो. मात्र तयार वस्तूचे छायाचित्र पाऊण पान व्यापते आणि ती वस्तू तयार कशी झाली हे दोन ओळींत आटोपलेले असते. ‘जुन्या खुर्चीला मनपसंत रंग द्या’ किंवा ‘वापरात नसलेल्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवा’ एवढ्याशा सूचनेवर विसंबून काम हाती घेणाऱ्या वाचकाच्या हातून चांगली वस्तू कायमची बिघडण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून माझी विनंती अशी की, छायाचित्राची जागा थोडी कमी करून साहित्य, कामाचा क्रम, कोणत्या टप्प्यावर किती थांबायचे आणि कशापासून जपायचे, हे सारे सांगणारी पूर्ण कृती छापावी.

वृत्तपत्राने असे काम करावे ही अपेक्षा जगावेगळी नाही. अमेरिकेतील ‘कॅन्सस सिटी स्टार’ या दैनिकाने १९२८ ते १९६१ या काळात गोधडीचे एक हजाराहून अधिक नमुने छापले आणि त्यांतले कित्येक नमुने वाचकांनीच पाठवलेले होते. लोकांनी ती कात्रणे जपून ठेवली आणि त्या नमुन्यांवरून आजही गोधड्या शिवल्या जातात. बातमीचा कागद दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो असे आपण म्हणतो, पण कात्रीने कापून घेण्याजोगा मजकूर त्यावर असला तर तो जात नाही.

गोधडीचेच उदाहरण घेते. वरचा जोडकामाचा थर, मधली भरणी आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र धरून ठेवण्याचे काम धावदोऱ्याचे असते. टाक्यांच्या ओळी दिसायला सुंदर असतात हे खरे, पण त्या मुळात भरणी जागच्या जागी राहावी म्हणून घातलेल्या असतात. त्या फार अंतरावर घातल्या की धुताना आतला कापूस सरकतो, त्याचे गोळे होतात आणि मधले भाग पोकळ राहतात. छायाचित्र पाहून शिवणाऱ्याला हे कळणार कसे? जुने कापड निवडण्याची रीतही सांगावी लागते. कापड उजेडासमोर धरले की कुठे विरले आहे ते लगेच दिसते, आणि कोपर, गुडघा किंवा काखेजवळचा असा भाग कापून टाकल्याशिवाय तुकडा वापरू नये. जुने सुती कापड पूर्वीच्या धुण्यांमध्ये आटून गेलेले असते, नवे मात्र अजून आटायचे असते, म्हणून दोन्ही एकत्र वापरायची असतील तर नवे आधी धुवून, वाळवून घ्यावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात जोडांवर चुण्या पडतात. तुकडे शक्यतो उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापावेत, कारण तिरका कापलेला तुकडा शिवताना ताणला जातो आणि चौकट वाकडी होते. विरलेल्या कापडावर फार चिवट दोरा वापरू नये. ताण पडला की दोरा टिकतो आणि कापड फाटते. खरे तर दोराच तुटायला हवा, कारण तुटलेला टाका पुन्हा घालता येतो.

जोडकाम म्हणजे फावल्या वेळची करमणूक, असा सूर अशा लेखांतून नकळत उमटतो, तोही मला खटकतो. अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावर वापरून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या त्या थंडीपासून घरच्या माणसांचे रक्षण व्हावे म्हणून. त्याच गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. त्यांतल्या काही गोधड्यांत उन्हाने विटलेल्या निळ्या कापडावर मधेच एक गडद चौकोन दिसतो. तिथे पूर्वी पँटचा खिसा होता आणि तो उसवल्यावर खालचा मूळ रंग उघडा पडला. शिवणारीने तो लपवला नाही, रचनेत सामावून घेतला. ही नजर वाचकांपर्यंत पोहोचली पाहिजे.

फर्निचरच्या बाबतीत अपुऱ्या माहितीने होणारे नुकसान अधिक मोठे आहे. खुर्ची डुगडुगू लागली की बहुतेक जण सांध्यात खिळा किंवा स्क्रू ठोकतात. लाकूड हवेतील ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, आणि ही हालचाल लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ होत नाही, आडवी मात्र चांगलीच होते. वर्षानुवर्षांच्या या हालचालीने कुसू, म्हणजे खाचेत बसणारे लाकडाचे टोक, सैल होतो आणि जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ, ठिसूळ होऊन सुटतो. अशा सांध्यात लोखंड घातले की लाकडाला हलायला वाव राहत नाही आणि ते रेषेत चिरते, मग दुरुस्ती दुप्पट अवघड होते. योग्य रीत म्हणजे सांधा पूर्ण सोडवायचा. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ होतो, त्यामुळे गरम पाण्यात पिळलेले फडके सांध्यावर काही वेळ धरले तर तो बहुधा सुटून येतो. व्हायोलिन बनवणारे कारागीर आजही सरसच वापरतात, कारण वाद्य कधीतरी दुरुस्तीसाठी उघडावे लागणार हे ते धरून चालतात. सांधा सुटला की खाचेतला जुना थर खरवडून काढायचा, कुसू सैल असेल तर त्यावर लाकडाची पातळ पट्टी चिकटवून तो घट्ट बसेल इतका करायचा, आणि नवा सरस लावून, शिकंज्यात, म्हणजे दोन्ही भाग दाबून धरणाऱ्या पकडीत, आवळून पूर्ण वाळू द्यायचे. पांढरा गोंद जुन्या थरावर नीट धरत नाही, त्यामुळे तो वापरायचा असेल तर खरवडणे अगदी स्वच्छ हवे.

रंगाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. चांगल्या लाकडाचे पॉलिश पाहून न घेता त्यावर जाड रंगाचा हात मारणे हे मला नुकसानच वाटते. आधी नजरेस न येणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपडी लाखेचे पॉलिश आहे असे समजावे. ते तासून काढण्याची गरज बहुधा नसते, स्वच्छ पुसून त्यावरच नवा पातळ हात देता येतो, कारण नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. भुशाच्या बोर्डाचे, पाण्याने फुगलेले कपाट मात्र कितीही रंगवले तरी सावरत नाही. हेही लेखात स्पष्ट लिहावे म्हणजे वाचकांचा खर्च आणि श्रम वाया जाणार नाहीत.

धोक्यांचा उल्लेख तर अशा लेखांत जवळजवळ नसतोच. जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती वापराच्या रंगांतील शिशावर अमेरिकेत बंदी आली ती १९७८ मध्ये. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासातून आणि हातांवाटे पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती विशेष घातक असते. दुसरा धोका जवसाच्या तेलाचा आहे. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायू शोषून उष्णता निर्माण करते, आणि तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला फेब्रुवारी १९९१ मध्ये आग लागली ती अशाच फडक्यांमुळे, आणि तीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. फडकी उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत, एवढे एक वाक्य छापायला किती जागा लागते?

हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. एकट्या अमेरिकेत २०१८ या वर्षात सुमारे १ कोटी २१ लाख टन फर्निचर आणि घरसामान कचऱ्यात गेले आणि त्यातले सुमारे ८० टक्के जमिनीत पुरले गेले, असे तिथल्या पर्यावरण संस्थेचे आकडे सांगतात. दुसरीकडे ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा यांनी पहिले ‘रिपेअर कॅफे’ भरवले, जिथे जाणकार माणसांच्या शेजारी बसून लोक आपली वस्तू स्वतः दुरुस्त करतात, आणि ती कल्पना पुढे अनेक देशांत रुजली. ज्ञान हातातून हातात जाते ते असे शेजारी बसून, हे मला मान्य आहे, पण ज्यांना असा शेजार मिळत नाही त्यांच्यासाठी छापील कृतीचा आधार मोठा असतो.

या सदराचे लेखन सजावटकारांपेक्षा प्रत्यक्ष रंधा आणि सुई चालवणाऱ्यांकडून करून घ्यावे. त्यांना लिहिण्याची सवय नसेल तर आपल्या प्रतिनिधीने त्यांच्याजवळ बसून, काम चालू असताना, त्यांच्याच शब्दांत ते उतरवून घ्यावे. सुरुवात डुगडुगणाऱ्या खुर्चीपासून करता येईल, कारण तिला अवजारे थोडी लागतात. त्याच अंकात गोधडीच्या एका साध्या चौकटीचा प्रत्यक्ष मापाचा नमुना छापावा, शिवणीसाठी किती जागा सोडली आहे ते त्याच्या कडेने लिहावे, आणि मागच्या बाजूला कापून चालेल असाच मजकूर ठेवावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक