तुझ्या अंगणातली हंगामी फुलं

नाशिक,
२४ ऑगस्ट

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतची फुलांची यादी, दोन्ही मिळालं. काल पाऊस उघडल्यावर पाथर्डी फाट्याला जाऊन तुमच्या नव्या घराचं अंगण बघून आले. गवंड्यांनी पूर्वेच्या भिंतीलगत विटांचे तुकडे आणि वाळलेलं सिमेंट तसंच टाकून दिलंय. तो राडारोडा उचलल्याशिवाय त्यांचा शेवटचा हप्ता देऊ नका. खाली मात्र छान काळी माती आहे. मुठीत दाबून बघितली, तर झालेला गोळा फुटता फुटेना. अशी माती पावसात पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात, म्हणून आपण जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफे करू. त्यात कुजलेलं शेणखत सढळ हाताने मिसळायचं. खणायला माणूस मी बघते.

आता यादीबद्दल. डोंबिवलीच्या गॅलरीत तुझी सदाफुली आणि ऑफिस टाइम (चिनी गुलाब) कायम डवरलेली असायची, पण पिटुनिया आणि पॅन्सी रडतखडत जगायच्या. त्यांना रात्रीचा गारवा लागतो, तो तिथल्या दमट हवेत मिळणार कुठून? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली सहज उतरतो. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव, म्हणत, ते मला तरी पटतं! तेव्हा माझं ऐक, हंगामी फुलांसाठीचे पैसे आणि कष्ट मुख्यतः हिवाळ्यावर खर्च कर.

पूर्वेच्या वाफ्यात मागे अँटिरायनम आणि हॉलिहॉक, मध्ये फ्लॉक्स, डायँथस, कॅलेंड्युला आणि कडेला पिटुनिया, पॅन्सी. उंच झाडं मागे ठेवली की सगळ्यांना सकाळचं ऊन मिळतं. एकेका जातीची दोन-दोन रोपं लावू नकोस. एका रंगाचा घोळका असला तरच वाफा उठून दिसतो, त्यामुळे यादीतली निम्मी नावं यंदा खोडलीस तरी चालेल.

बी सप्टेंबरच्या शेवटी टाकायचं, पावसाचा जोर ओसरल्यावर. पिटुनियाचं बी अगदी धुळीसारखं असतं. ते मातीत गाडायचं नाही, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. वर नुसतं भुरभुरायचं आणि कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवून खालून ओल द्यायची. वरून झारीने पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. तू दिवाळीला येशील तोवर रोपं लावण्याजोगी होतील, ती मी माझ्याकडे वाढवते. नॅस्टर्शियम आणि लार्कस्पर यांना मात्र जागा बदललेली सोसत नाही, त्यांचं बी थेट कायमच्या जागीच टाकू. नॅस्टर्शियमच्या कोपऱ्यात शेणखत अजिबात नको. माती फार कसदार झाली की नुसती पानं माजतात, फूल धरत नाही.

गंगापूर रोडच्या एखाद्या रोपवाटिकेत तू जाशीलच, आणि फुलांनी लगडलेली रोपं बघून तुझा पाय निघणार नाही. ती घेऊ नकोस. छोट्या पिशवीत फुलावर आलेल्या रोपाची मुळं आत गोल फिरून बसलेली असतात. बुटकं, भरदार, कळीही न धरलेलं रोप निवड. लावल्यावर ते जरा मूळ धरू लागलं की शेंडा खुडायचा. हे करताना तुझा जीव वरखाली होणार हे मला ठाऊक आहे, पण खुडल्यावरच बाजूच्या फांद्या फुटतात. पुढे सुकलेलं फूलही लगेच काढत जा. या झाडांचं सगळं आयुष्य बी धरण्यासाठी असतं. एकदा बी धरलं की फुलं आटतात.

शेवंती तुला फाटकाशेजारी हवीय, तिथे मात्र नको. बाहेरच तिथे रस्त्याचा दिवा आहे, रात्रभर उजेड. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. ती मागच्या अंगणात विहिरीकडे लावू.

सासूबाईंना रोज पूजेला फुलं हवीत, ती हंगामी वाफ्यावर सोपवू नकोस. त्यांच्यासाठी जास्वंद, तगर आणि मोगरा हीच कायमची झाडं हवीत, ती या ओलीतच लावून टाकू. कण्हेर तेवढी यादीतून काढ. तिचं पान, फूल, चीक सगळंच विषारी, आणि तुझी नात सध्या दिसेल ते तोंडात घालते. लार्कस्परचं बीही तसंच, म्हणून ते मागच्या अंगणात, तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणीच टाकायचं.

पावसाळ्यासाठी पुढच्या वर्षी तेरडा आणि झेंडू पुरे. तेरड्याची शेंग पिकली की बोट लागताच फुटून बी उडतं, मग तो आपला आपणच येत राहतो, गौरींना विकत आणायला नको. झेंडूचं बी जूनअखेरीस टाकलं तर दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू. यंदा ती वेळ गेली. झिनिया दिसायला गोड, पण दाटीने लावली आणि हवा दमट राहिली की तिच्यावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. आपल्या द्राक्षवाल्यांचं ऐकशील तर सकाळी, बुंध्याशीच पाणी. उन्हाळ्यात तुझा ऑफिस टाइम आणि गॅलार्डिया ४० अंशांतही तग धरतील, तेव्हा डोंबिवलीच्या कुंड्या फेकू नकोस, टेम्पोत चढव.

पिटुनिया जांभळी हवी की पांढरी, तेवढं पंधरा दिवसांत कळव. सगळे रंग एकत्र मिसळलेलं बी मला आवडत नाही. पांढरी तुमच्या लाल विटांच्या भिंतीपुढे जास्त खुलेल असं वाटतं, पण वाफा तुझा आहे. भाऊजींना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझीच,
वसुधा