फॅन फिरेना म्हणून नवा फॅन मागवू नकोस

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय भावड्या,

परवा फोनवर निम्मं ऐकू आलं, निम्मं पन्हाळ्याच्या वाऱ्यानं नेलं. तिकडं रेंजचा भरवसा नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. मला कळलं ते असं: तुझ्या रानात गिऱ्हाइकांना फिरवायची ती लाल एटीव्ही (चार जाड चाकांची हँडलवाली गाडी) चढाला लागली की टेंपरेचरचा दिवा पेटतो, रिझर्व्हच्या बाटलीतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, उतू जातो आणि रेडिएटरचा फॅन ढिम्म हलत नाही. एक मिस्त्री म्हणतो फॅन गेला, नवा मागवा. दुसरा म्हणतो बॅटरीवरनं डायरेक्ट जोडून टाकू. दोघांनाही जरा थांबव.

पहिलं म्हणजे गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या कॅपला हात लावायचा नाही. पोरांनाही बजावून ठेव. त्या कॅपनं आत दाब धरलेला असतो, म्हणून कूलंट शंभर अंशांच्या वर गेला तरी उकळत नाही. कॅप फिरवलीस की दाब सुटतो आणि सगळं तोंडावर उसळतं. गार झाल्यावर उघड आणि पातळी बघ. कूलंट खाली गेला असेल किंवा आत हवा अडकली असेल, तर कूलंटचं तापमान बघणारा सेन्सर कोरडाच राहतो. मग इंजिन तापून लाल झालं तरी फॅनला हुकूम जात नाही, आणि लोक फॅनला शिव्या देत बसतात.

रेडिएटरच्या जाळीत टॉर्च मारून बघ. तुझ्याकडं लाल माती, उसाचं पाचट आणि दिवाळीनंतर कुसळं, असं सगळं एकदम येतं. जाळी बुजली तर चांगला फॅनसुद्धा काही करू शकत नाही. धुताना इंजिनच्या बाजूनं पुढं, हलक्या पाण्यानं धू. तुझी पोरं रोज संध्याकाळी प्रेशर वॉशर समोरून लावतात ना, ते आजपासून बंद. त्यानं जाळीच्या पात्या वाकतात, घाण आणखी आत बसते आणि पाणी थेट मोटरच्या बुशमध्ये (दांडा फिरतो त्या कडीत) आणि कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या खटक्यात) शिरतं. ह्यावर मी जास्तच बोलतो असं तुला वाटेल, पण माझ्या बाकड्यावर येणाऱ्या एटीव्हींची निम्मी दुखणी त्या वॉशरनं दिलेली असतात.

आता मूळ कामाला लाग. इग्निशन बंद करून फॅनची पाती बोटानं फिरव. अडखळली, खरखरली तर चिखल किंवा बुश. मोकळी फिरली तर मोटरचा कपलर काढ. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेव, कुठल्या रंगाची वायर कुठं होती ते नंतर आठवत नाही. कपलरच्या आत बघ. पिना पितळी दिसायला पाहिजेत. हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल किंवा एखादी पीन करपून प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर निम्मं निदान तिथंच झालं.

मग बॅटरीवरून दोन वायरी घे, प्लसच्या वायरीत फ्यूज टाक आणि मोटरला सरळ १२ व्होल्ट दे. फिरली तर मोटर जिवंत आहे, नव्या फॅनचे पैसे वाचले. त्याच वेळी वर्तमानपत्राचा एक कपटा जाळीच्या पुढच्या अंगाला धर. बहुतेक एटीव्हींचा फॅन मागून हवा ओढतो, म्हणजे कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून लांब गेला तर प्लस-मायनस उलटं जोडलंय. असा फॅन फिरताना दिसतो आणि गाडी तरीही तापते.

मोटर चांगली निघाली तर उलटं मागं चालत जायचं: कपलर, रिले (हुकूम आला की फॅनची लाइन जोडणारा विजेचा स्विच), फ्यूज, सेन्सर. फ्यूज नुसता डोळ्यानं बघू नकोस, दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लाव. उडालेला असेल तर पुस्तकात दिलाय तेवढ्याच अँपिअरचा घाल. परत उडाला तर मोटर अडकतेय किंवा वायर कुठंतरी घासून बॉडीला लागलीय. तिथं चांदीचा कागद गुंडाळलास तर पुढच्या वेळी वायरिंगच जळेल. रिले तपासायला तशाच पिनांचा दुसरा रिले त्याच गाडीत असेल तर अदलाबदल कर. नसेल तर सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना क्षणभर जोड. फॅन फिरला तर तिथून पुढची लाइन ठीक, आणि दोष रिलेचा किंवा त्याला हुकूम देणाऱ्याचा.

तुझ्या मीटरवर मात्र एकट्यावर विश्वास ठेवू नकोस. तू फोनवर म्हणालास, "कपलरला बारा व्होल्ट येतात की, मग मोटरच गेली." तसं नसतं. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की बंद तोंडाशी दाब पुरेपूर लागतो, तोंड उघडलं की नुसते थेंब. कुजलेली वायर तशीच वागते: मीटरला बारा दाखवते, लोड पडला की हात वर. म्हणून तिथं हेडलाइटचा जुना बल्ब लावून बघ. लख्ख पेटला तर लाइन खरी. मिणमिणला तर बल्ब चालू ठेवून मीटरची एक पीन कपलरच्या मायनसला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लाव. पाव व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग, म्हणजे मायनसची चेसिसवरची जोडणी, खराब. चेसिसवरचा तो बोल्ट काढ, रंग आणि गंज खरवड, परत आवळ. अर्थिंग ठीक निघालं तर हीच परीक्षा प्लसच्या बाजूनं घे.

सेन्सरचं सोपं आहे. तुझी गाडी फ्युएल इंजेक्शनवाली आहे. इंजिन चालू ठेवून सेन्सरचा कपलर काढ. अशा बऱ्याच गाड्यांत कंप्युटरला सेन्सर सापडला नाही की तो इंजिन वाचवायला फॅन आपणहून चालू करतो. तसा झाला तर रिलेपासून मोटरपर्यंत सगळं शाबूत, संशय सेन्सरवर किंवा कूलंटच्या पातळीवर. तुझ्या मेव्हण्याची जुनी कार्ब्युरेटरवाली आहे, तिला सेन्सरऐवजी रेडिएटरमध्येच थर्मो स्विच असतो. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की फॅन फिरायला पाहिजे.

हे सगळं करच, पण मला आधीच एक वास आलाय. तू सहज बोलून गेलास की एकदा लाकडी दांड्यानं मोटरला टोचलं आणि फॅन सुरू झाला. ही मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजल्याची खूण. ब्रश आखूड झाला की आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) नीट टेकत नाही, धक्का बसला की तेवढ्यापुरता टेकतो. तेव्हा १२ व्होल्ट देऊन एकदा फिरली म्हणून खूश होऊ नकोस. थांबव, परत लाव, असं चार-पाच वेळा कर. एकदा जरी रुसली तर मोटर सोडवून माझ्याकडं पाठव. पत्रा वाकवून बंद केलेली असेल तर उघडणं अवघड, पण स्क्रूची असेल तर आमच्या गल्लीत कार्बन घासून बसवून देणारे आहेत.

डायरेक्टचं म्हणशील तर, गिऱ्हाईक पठारावर अडकलं आणि गाडी खाली आणायचीय, तर खुशाल जोड. कायमचं नको. चावी काढली तरी फॅन फिरत राहिला तर सकाळी बॅटरी झोपलेली असते. शिवाय मोटर विनाकारण झिजते. फारच वाटलं तर मी रिलेला समांतर एक स्विच बसवून देतो, चावीवरून चालणारा. मूळ दोष काढल्यावर.

तोवर ती गाडी चढाला देऊ नकोस. सपाटीवर वेगानं पळताना जाळीतून वारा जातो, म्हणून फॅनवाचून निभतं. चढाला पहिल्या गिअरमध्ये रांगताना तो वाराच नसतो, आणि तुझी गिऱ्हाइकं तर सगळा वेळ रांगतच असतात.

कपलरचा फोटो, बल्ब कसा पेटला ते आणि मोटरला स्क्रू आहेत का, एवढं कळव. मोटर पाठवायचीच झाली तर गुरुवारच्या आत पाठव, शुक्रवारी माझं दुकान बंद असतं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
उद्यमनगरचा वायरमन