चाइल्ड सीटविना आलेली गाडी आणि हुकलेला किल्ला

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
नागपूर शाखा.

विषय : म्युनिक येथील कौटुंबिक एकदिवसीय सहलींच्या नियोजनातील हलगर्जीपणा, परतावा आणि आरक्षण पद्धतीत दुरुस्तीची मागणी.

महोदय,

मी नागपूरला लक्ष्मीनगरात राहते. आमचा मुलगा नोकरीनिमित्त पत्नी आणि दोन मुलांसह म्युनिकला असतो. यंदा नागपूरचा उन्हाळा सुरू झाला तसे आम्ही दोघे त्यांच्याकडे राहायला गेलो. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, आठवडाभर त्यांना मान वर करायला फुरसत नसते. सुट्टीच्या दिवशी तरी त्यांच्या डोक्याला ताप नको, गाडी दाराशी यावी आणि सगळ्यांनी मिळून फिरून यावे, या विचाराने तिथल्या सहली मी निघण्यापूर्वी आपल्या नागपूर शाखेतून आरक्षित केल्या. पैसे रुपयांत भरले आणि पावती आपल्या कंपनीच्या नावाची आहे.

आरक्षणाच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एकूण प्रवासी सहा, त्यांत चार आणि सात वर्षांची दोन मुले, आणि माझ्या यजमानांच्या गुडघ्यांचा त्रास, असे तिने माझ्यासमोर फॉर्मवर लिहिले. त्या फॉर्मची प्रत माझ्याकडे आहे. परतल्यावर मी केलेल्या ई-मेलला आपण दिलेल्या उत्तरात "वयाची माहिती ग्राहकाने दिली नव्हती" असे म्हटले आहे, म्हणून हे सुरुवातीलाच सांगते.

पहिली सहल नॉयश्वानस्टाइन किल्ल्याची होती. शनिवारी सकाळी साडेआठला गाडी वेळेवर आली. चालक खाली उतरला, मुलांकडे पाहिले आणि मागची सीट दाखवून विचारले, यांच्या चाइल्ड सीट कुठे आहेत? जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि 150 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य चाइल्ड सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही. आमच्या मुलाकडे गाडी नाही, तो बस आणि ट्रेननेच फिरतो, त्यामुळे घरात सीट असण्याचा प्रश्नच नव्हता. चालकाने गाडी काढायला नकार दिला आणि त्याने केले ते योग्यच केले. माझी नातवंडे तशीच बसवून तो महामार्गाला लागला असता तर ही तक्रार मी अधिक कडक शब्दांत लिहिली असती.

त्याच्या हातात आपल्या कार्यालयाने पाठवलेले व्हाउचर होते. त्यावर फक्त "प्रवासी सहा" एवढेच लिहिले होते. वये नाहीत, सीटची मागणी नाही, गुडघ्यांचा उल्लेख नाही. म्हणजे नागपुरात फॉर्मवर जे लिहिले गेले ते नागपुरातच राहिले.

मी लगेच आपल्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथे सकाळचे साडेआठ म्हणजे इथे दुपारचे बारा, त्यामुळे कार्यालय बंद होते असे म्हणायला जागा नाही. फोन उचलला गेला. "मॅडम, ते स्थानिक ऑपरेटरचे काम आहे, त्यांच्याशी बोलून घ्या," असे सांगून ठेवला. तिथे गाडी पुरवणारा ऑपरेटर म्हणाला, आम्हाला मुले असल्याचे कळवलेच नव्हते. या दोघांच्या मध्ये आम्ही रस्त्यावर उभे. धाकटा नातू इमारतीच्या पायरीवर पाठीला सॅक लावून बसला होता. सॅकमध्ये पाण्याची बाटली आणि त्याने काढलेले किल्ल्याचे चित्र. "आजी, गाडी आली ना, मग आपण का जात नाही?" हे त्याने मला इतक्या वेळा विचारले की शेवटी माझ्याकडे उत्तर उरले नाही. सुनेने शेजाऱ्यांचे दार वाजवून थोरल्यासाठी बूस्टर सीट मागून आणली. धाकट्याची सीट ऑपरेटरने पाठवली, ती पोहोचेपर्यंत पावणेअकरा झाले.

आता यापुढचे नीट वाचावे, कारण आपल्या उत्तरात याला "किरकोळ विलंब" म्हटले आहे.

नॉयश्वानस्टाइनमध्ये मनात येईल तेव्हा आत जाता येत नाही. प्रवेश फक्त मार्गदर्शित फेरीतून मिळतो, तिकिटावर फेरीची वेळ छापलेली असते आणि ती वेळ गेली की तिकीट बाद होते. आमची वेळ साडेबाराची होती. म्युनिकहून तिथे पोहोचायला साधारण दोन तास लागतात, आणि शनिवारचा रस्ता भरलेला होता. खालच्या होहेनश्वानगाउ गावात पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. त्या दिवसाची उरलेली तिकिटेही संपली होती. "प्रवेश तिकिटासह" असे आपल्या पावतीवर स्पष्ट लिहिलेला किल्ला आम्ही खालून पाहिला.

शिवाय आपल्या कार्यक्रमपत्रिकेत "वाहन थेट किल्ल्यापर्यंत" असे छापले आहे, तेही खरे नाही. खासगी गाडी गावातल्या पार्किंगलाच थांबते. तिथून अर्धा-पाऊण तास चढ चालावा लागतो, नाहीतर घोडागाडी किंवा शटल बस, आणि त्यांतून उतरल्यावरही काही अंतर पायीच जावे लागते. आत गेल्यावर दीडशेहून जास्त पायऱ्या, आणि लहान मुलांची बाबागाडी आत नेता येत नाही. हे आधी कळले असते तर यजमानांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही घोडागाडीची सोय आणि दुपारची फेरी मागितली असती. शटलने मारियेनब्रुके पुलाकडे जाऊन निदान समोरून किल्ला पाहू म्हटले, तर त्याची रांग इतकी लांब होती की मुले कंटाळून रडायला लागली. आम्ही परत फिरलो.

हा किल्ला आमच्यासाठी यादीतले एक ठिकाण नव्हता, हे सांगणे मला आवश्यक वाटते. माझे यजमान आयुष्यभर महाराष्ट्रातले किल्ले पायी फिरले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात शिवनेरी, रायगड, राजगडापासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत आपले बारा किल्ले "मराठा लष्करी स्थापत्य" म्हणून जागतिक वारशात आले, त्याच अधिवेशनात म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याचे राजवाडेही आले, आणि नॉयश्वानस्टाइन त्यांतलाच एक. यजमानांनी थोरल्या नातवाला हे फोनवर सांगून ठेवले होते. एक लढण्यासाठी बांधलेला डोंगरी किल्ला आणि एक राजाने स्वतःच्या हौसेसाठी 1869 पासून बांधायला घेतलेला, 1886 मध्ये तो वारला तरी अपुराच राहिलेला. दोन्ही एकाच वर्षी एकाच यादीत कसे आले, हे नातवाला आत नेऊन दाखवायचे, असा त्यांचा बेत होता. परदेशात वाढणाऱ्या मुलाला आजोबांचा महाराष्ट्र आणि त्याचे स्वतःचे बव्हेरिया एकत्र दाखवण्याची अशी संधी पुन्हा कधी मिळेल? यजमान म्हणतात तिकिटाचे जाऊ दे. मी जाऊ देणार नाही.

दुसरी सहल साल्झबर्ग आणि क्योनिग्सझे तलावाची, एकाच दिवसात. साल्झबर्ग उत्तम झाले. होहेनसाल्झबर्ग किल्ल्यावर फ्युनिक्युलरने (चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्याने) नेले, गेट्राइडेगासे या गल्लीत संगीतकार मोझार्टचे जन्मघर आतून दाखवले, आणि तिथल्या गाइडबाईंनी मुलांना सांभाळून घेतले, त्याबद्दल आभार. पण साल्झबर्ग ऑस्ट्रियात आहे आणि परतताना जर्मनीच्या सीमेवर पोलीस तपासणी होऊ शकते, मूळ पासपोर्ट बरोबर हवेत, ही सूचना आपल्या कोणत्याही कागदावर नाही. मुलाने आठवण केली म्हणून आमचे पासपोर्ट जवळ होते. दर वेळी प्रवाशाचा मुलगा तिथला रहिवासी असेलच असे नाही.

क्योनिग्सझेसाठी कार्यक्रमात एक तास ठेवला होता. तिथली बोट तलावाकाठच्या सेंट बार्थोलोमे चर्चपर्यंत जायलाच सुमारे पस्तीस मिनिटे घेते, परतायला तेवढीच, शिवाय तिकिटाची आणि चढण्याची रांग. एका तासात ही फेरी होतच नाही, हे नकाशावर अंतर मोजणाऱ्यालाही दिसायला हवे होते. आम्ही धक्क्यावर उभे राहून बोटी पाहिल्या. त्या दिवशी ठरलेले शाकाहारी डबेही आले नाहीत. रविवार असल्याने वाटेतली किराणा दुकाने बंद होती. सुनेने पहाटे उठून पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली होती, त्यावर दिवस निघाला.

अशी सहल नीट होऊच शकत नाही असे आपल्याला वाटत असेल, तर पुढच्या शनिवारचे सांगते. मुलाने एका संध्याकाळी बसून हेरेनकीमझे राजवाड्याची सहल आखली. एकाच बायर्न (म्हणजे बव्हेरिया) तिकिटावर आम्ही चौघे मोठे गेलो. ते तिकीट प्रादेशिक गाड्यांमध्ये पाच जणांपर्यंत चालते, सात वर्षांचा थोरला नातू त्यावर मोफत आला आणि सहाखालच्यांना तसेही तिकीट लागत नाही. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊपासून चालते, शनिवार-रविवारी आधीपासूनच. तलावाकाठच्या प्रीन गावापर्यंत ट्रेन, तिथून बोट, बेटावर सावकाश चालणे, आणि राजवाड्याच्या फेरीची वेळ मध्ये पुरेसा अवकाश ठेवून घेतलेली. यजमान दर थोड्या अंतरावर बाकावर बसत होते आणि कुणालाही घाई नव्हती. आमचा मुलगा काही टूर व्यावसायिक नाही. त्याने फक्त कोण येणार आहे ते डोळ्यांसमोर ठेवून बेत केला.

आपली कंपनी ताडोबा आणि पेंचच्या सफारी वर्षानुवर्षे करते. मी स्वतः आपल्याकडून गेले आहे. प्रत्येकाचे ओळखपत्र मागून घेता, आदल्या रात्री फोन करून गेटची वेळ बजावता, ती चुकली तर आत सोडणार नाहीत हे दोनदा सांगता. मग हजारो किलोमीटर दूर, जिथे ग्राहक भाषेनेही परका आहे, तिथल्या तिकिटावरची वेळ आणि मुलांची वये एका व्हाउचरवर का लिहिली जात नाहीत? कामाची पद्धत आपल्याला माहीत आहे. परदेशी सहलींसाठी ती वापरली गेली नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

परतल्यावर मी ई-मेल केला. उत्तरात पुढच्या टूरवर सवलतीचे कूपन देऊ केले आणि "स्थानिक सेवेची जबाबदारी ऑपरेटरची" असे कळवले. कूपनवर बोळवण मला मान्य नाही. करार आपल्याशी झाला, पैसे आपण घेतले, माहिती आपल्याकडे दिली आणि ती आपल्याकडून पुढे गेली नाही. ऑपरेटरशी आपले जे काही आहे ते आपण मिटवावे.

माझी मागणी अशी आहे. नॉयश्वानस्टाइनच्या दिवसाची गाडी आणि तिकिटे यांची पूर्ण रक्कम परत करावी. क्योनिग्सझेची बोट आणि न आलेले डबे यांचे पैसेही द्यावेत, कारण ते पावतीत धरलेले आहेत. साल्झबर्गच्या गाडीचे आणि गाइडचे मी काही मागत नाही, ती सेवा मिळाली. पैशांइतकेच महत्त्वाचे म्हणजे परदेशी सहलींच्या व्हाउचरवर प्रत्येक मुलाचे वय आणि उंची, चाइल्ड सीटची नोंद, तिकिटावरची प्रवेशाची वेळ, पायी चालण्याचे अंतर आणि सीमा ओलांडणार असल्यास पासपोर्टची सूचना छापणे सुरू करावे, आणि "वाहन थेट किल्ल्यापर्यंत" ही ओळ कार्यक्रमपत्रिकेतून काढावी. नागपुरातून मुलांकडे जाणारे माझ्या वयाचे कितीतरी आई-वडील दर उन्हाळ्यात आपल्याच काउंटरवर येतात. 90 दिवसांच्या व्हिसात त्यांना नातवंडांबरोबर फिरायला सुट्टीचे मोजकेच दिवस मिळतात. त्यांतला एकही असा रस्त्यावर उभे राहण्यात जाऊ नये.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. फोनवरचे आश्वासन मी धरणार नाही. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. त्यामुळे सेवा जर्मनीत घडली, हे उत्तर तिथे पुरणार नाही. आयोगात जाण्याची मला हौस नाही, पण कागद सगळे तयार आहेत.

सोबत आरक्षण फॉर्म, पावती, व्हाउचर, बाद झालेली तिकिटे आणि आपल्या ई-मेलची प्रत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक
लक्ष्मीनगर, नागपूर
(नाव आणि बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)