दातांवरचा थर पेस्टने नाही, घासण्याने निघतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत टूथपेस्ट आणि माउथवॉशच्या जाहिराती नेमाने येतात. ‘जंतूंचा नायनाट’, ‘दिवसभर संरक्षण’ अशी त्यांची भाषा असते आणि चित्रात ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची जाड वळी काढलेली असते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. जाहिराती वाचून लोक दुकानातून काय आणतात आणि ते वापरूनही दातांवर काय उरतं, हे दोन्ही मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे, म्हणून हे पत्र.

प्रथम वर्षाच्या मुलांचं एक प्रात्यक्षिक असे. लाकडी काडीने हिरडीलगतचा पांढुरका थर खरवडायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वाळवून रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. गोल जिवाणूंच्या माळा, दांडके, लांब तंतू, सगळे एकमेकांत गच्च अडकलेले दिसत. सकाळी पेस्ट लावून आलेली मुलं स्वतःच्याच तोंडातला तो नमुना पाहून गप्प होत. खरं तर त्यात नवल काहीच नाही. दात स्वच्छ केल्यावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यावर बसतो, काही तासांत स्ट्रेप्टोकोकस जातीचे जिवाणू त्याला चिकटतात, मग त्यांच्यावर दुसरे येतात. हे जिवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करून त्यातच राहतात. दोन-चार दिवस थर तसाच राहिला की लाळेतला कॅल्शियम त्यात साठू लागतो आणि त्याचं कीटण होतं. कीटण मग ब्रशनेही निघत नाही, डॉक्टरांकडेच जावं लागतं.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून दातांवरच्या थरातले हे जीव पहिल्यांदा जगासमोर आणले. त्याने तोंडात व्हिनेगर घेऊनही पाहिलं होतं. थर बाहेर काढून त्यात व्हिनेगर मिसळलं की जीव मरत. पण नुसतं तोंडात घेतलं तर दातांच्या फटींतल्या थरातले जीव तसेच जिवंत राहत. औषध वरवरच्यांनाच लागतं, आतपर्यंत पोचत नाही, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं. पाण्याच्या हौदाला धरलेलं शेवाळ औषध टाकून सुटत नाही, घासूनच काढावं लागतं, तसंच हे आहे.

म्हणून मी सांगते की थर काढतो तो ब्रश. पेस्ट लावून आणि न लावता घासण्याची तुलना करणारे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा थर निघण्यात पेस्टमुळे फारसा फरक पडत नाही असंच दिसलं. मग पेस्ट कशाला? फ्लोराइडसाठी. थरातले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. फ्लोराइड ते विरघळणं रोखतं आणि गेलेला चुना परत बसायला मदत करतं. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) जास्त फ्लोराइड चालत नाही आणि त्याचं प्रमाण ट्यूबवर छापणं नियमाने बंधनकारक आहे. ते वाचायची सवय मात्र आपल्याला नाही. हर्बल म्हणून आणलेल्या पेस्टमध्ये फ्लोराइड आहे की नाही, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं.

जाहिरातीतली ती जाड वळी तर मुलांसाठी चुकीचीच आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, कारण या वयाची मुलं ती गिळतात आणि जास्त फ्लोराइड पोटात जाणं चांगलं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे तर हे आधी सांगायला हवं.

माउथवॉशबद्दलही थोडं लिहिते. क्लोरहेक्सिडिनचं औषध खरोखर परिणाम करतं. ते दाताला चिकटून राहतं आणि कित्येक तास नवा थर धरू देत नाही. पण जुना थर काढणं हे त्याचं काम नव्हे. हिरडीवर शस्त्रक्रिया झाली, काही दिवस ब्रश फिरवता येत नाही, अशा वेळी डॉक्टर ते देतात. आमच्या शेजारच्या काकूंना असंच मिळालं होतं. त्यांनी बाटल्यांवर बाटल्या आणून महिनोन् महिने चूळ भरली, दात तपकिरी पडले, जेवणाची चव गेली. पेस्ट लावल्या लावल्या ही चूळ भरली तर पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या रसायनाने औषधाचा जोर कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मशेरी. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट-मंजनावर १९९२ मध्येच बंदी आली. पण तव्यावर भाजून घरी केलेल्या मशेरीला कुठली बंदी? सकाळी बोटाने लावायची, मग दुपारी, मग झोपताना. निकोटिनची सवय लागते आणि बाई म्हणते, दात घासते. त्याने थर जात नाही. हिरडी मात्र उतरते, गालाच्या आत पांढरे चट्टे येतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. ज्या घरात सुना-नातींसाठी भारीतली पेस्ट येते, त्याच घरात आजीच्या मशेरीबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं शाळांविषयी आहे. आमच्या भागात एका कंपनीची माणसं शाळेत येऊन ट्यूब वाटून गेली. ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं नाही. एरिथ्रोसिन नावाचा लाल रंग मिळतो. गोळी चावून चूळ भरली की जिथे थर राहिलाय तिथे गुलाबी डाग उमटतो. आमच्या गावच्या शाळेत मी हे करून पाहिलं. बहुतेकांचे समोरचे दात वरून लखलखीत होते आणि खालच्या दातांची आतली बाजू, दाढांचा हिरडीलगतचा भाग गुलाबी. मुलांनी आरशात पाहिलं आणि सांगायच्या आधीच ब्रश तिकडे वळवला. ब्रश हिरडीकडे थोडा तिरका धरून, हलक्या हाताने, दोन मिनिटं घासलं की तो रंग जातो, पेस्ट कुठलीही असो.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी निरोगी विद्यार्थ्यांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात बऱ्या झाल्या. इतकं लवकर बरं होणारं दुखणं आपण दात हलू लागेपर्यंत वाढू देतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत मुलांचे दात तपासतातच. त्यांच्या पेटीत या रंगाच्या गोळ्या असाव्यात आणि तपासणीनंतर मुलांकडून आरशासमोर घासून घ्यावं, ही आरोग्य विभागाला विनंती. आपणही जाहिरातीच्या शेजारी कधी तरी फ्लोराइडचं प्रमाण कसं वाचायचं, मुलांना पेस्ट किती द्यायची, याची चार ओळींची चौकट छापावी. खानापूर-तासगाव भागातल्या कुठल्याही शाळेने बोलावलं तर माझा सूक्ष्मदर्शक घेऊन मी यायला तयार आहे. शाळेने फक्त आरसे आणि पाण्याची सोय करावी.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, विटा (जि. सांगली)