छावणीतली बालवाडी आणि आमचं डालगं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या गरीब मुलांच्या बालशिक्षणासाठी देणगी मागणारे संदेश हल्ली मोबाइलवर वरचेवर येतात. आमच्या कट्ट्यावर त्यावर ठरलेला शेरा असतो, 'आपल्याकडे काय कमी आहेत?' मला मात्र आधी विचारावंसं वाटतं, तिथे शिकवतं कोण आणि कुठल्या बोलीत?

डहाणूकडच्या एका पाड्यावर मी बरीच वर्षं अंगणवाडी चालवली. एकदा शहरातून देणगीचं खोकं आलं. त्यात इंग्रजी अक्षरांचे चकचकीत तक्ते होते. 'आय फॉर इग्लू', म्हणजे बर्फाच्या घराचं चित्र बघून एक पोरगी म्हणाली, "बाई, कोंबड्यांचं डालगं!" सगळे हसले. देणारे फोटो काढून गेले आणि तक्ते उंदरांनी खाल्ले.

म्हणून बांगलादेशातल्या 'ब्रॅक'चं काम वाचलं तेव्हा बरं वाटलं. फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली ही संस्था. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधल्या हिंसाचारातून पळून सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात आले. १९८२च्या कायद्यापासून म्यानमार त्यांना आपले नागरिकच मानत नाही. कॉक्स बाजारच्या छावण्यांत 'ब्रॅक'ने चिमुकल्यांसाठी खेळघरं उघडली. तिथे खेळ घेतात त्यात छावणीतल्याच तरुण मुली असतात, आणि मुलं म्हणतात ती त्यांचीच 'कब्बिया', म्हणजे हातवारे करत म्हणायची रोहिंग्या बडबडगीतं. जे पाहिलं ते आठवून रात्री दचकणाऱ्या पोराला आधी ओळखीचा सूर हवा. अक्षरं कुठे पळून जातात?

पैसा बाहेरचाही आहे. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या लेगो या खेळण्यांच्या कंपनीशी जोडलेल्या लेगो फाउंडेशनने रोहिंग्या आणि सीरियन मुलांसाठी १० कोटी डॉलर दिले. ते बाहुल्यांचे टीव्ही कार्यक्रम करणाऱ्या अमेरिकेतल्या सेसमी वर्कशॉपकडे गेले आणि 'ब्रॅक' त्यात भागीदार झाली. त्यातूनच नूर आणि अझीझ या सहा वर्षांच्या जुळ्या रोहिंग्या बाहुल्या आल्या. डेन्मार्कच्या पैशाने मुलांच्या तोंडी डॅनिश गाणी घातली नाहीत, हे मला मोठं वाटतं.

आम्हाला यात नवल नाही, कारण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला हेच आरंभलं. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची. शंख-शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. आज आमच्याकडचे पालक मात्र तीन वर्षांच्या पोराला इंग्रजी नर्सरीत घालायला कर्ज काढतात. असो, तो वेगळा विषय.

२०२५ मध्ये निधी आटला आणि त्या छावण्यांतले युनिसेफच्या मदतीवर चालणारे लहान मुलांचे वर्ग थांबवावे लागले. ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत मला कुठे दिसली नाही. आपला प्रतिनिधी कधी त्या बाजूला गेलाच, तर एखादी कब्बिया चालीसकट टिपून आणायला सांगा. आमच्या पोरींकडून मी ती म्हणवून घेईन.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. पालघर