तुझ्या प्रकृतीविषयी

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

बाबांच्या औषधांच्या वेळा, त्यांचे रात्री-अपरात्री उठणे, स्वतःच्याच घरात बसून ‘घरी कधी जायचे?’ असे पुन्हा पुन्हा विचारणे, हे सारे तुझ्या पत्रात सविस्तर आहे. तुझ्याविषयी मात्र ‘मी ठीक आहे’ एवढेच. त्याखाली ‘हे एकदाचे संपावे असे वाटते’ ही ओळ लिहून तू खोडली आहेस. ती मला वाचता आली.

असे वाटणे म्हणजे माया आटणे नव्हे. शुश्रूषा करणाऱ्यांवरचा भार जोखण्यासाठी स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीचे जे २२ प्रश्नांचे रूप पुढे रुळले, त्यात रुग्णाजवळ असताना राग येतो का, त्याची काळजी दुसऱ्या कुणावर सोपवावीशी वाटते का, आणि आपण त्याच्यासाठी आणखी करायला हवे असे वाटते का, हे तिन्ही प्रश्न आहेत. राग आणि अपराधीपणा एकाच मनात नांदतात, हे या क्षेत्रातल्या लोकांना नवे नाही. शिवाय तुझे दुःख कुणाला दिसतही नाही. माणूस गेल्यावर चार लोक भेटायला तरी येतात. समोर बसलेला माणूस दिवसेंदिवस हरवत जातो, तेव्हा सांत्वनाला कोण येणार?

हा ताण मनापुरता राहत नाही, म्हणून मला अधिक काळजी वाटते. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवरची लहानशी जखम भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले, असे १९९५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. तो अभ्यास लहान होता, पण तुझ्या हातावरचे इसब महिनोन्‌महिने का जात नाही, असे तू विचारतेस तेव्हा मला तो आठवतो. तेव्हा डॉक्टरांकडे एकदा बाबांशिवाय, स्वतःसाठी जा. झोप, भूक आणि मनःस्थिती यांविषयी काहीही न लपवता सांग. ‘संपावे’ यात स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार असेल, तर क्षणभरही न थांबता मला आणि डॉक्टरांना सांग. हे मी मुद्दाम स्पष्ट विचारते आहे.

दादाशीही बोलायला हवे. न्यूयॉर्क विद्यापीठातील मेरी मिटेलमन यांच्या प्रयोगात समुपदेशनाच्या सहा बैठकींपैकी चार संपूर्ण कुटुंबासह होत, आणि सेवा करणाऱ्यांचे नैराश्य त्यामुळे कमी झाले. त्याला ‘जमेल तशी मदत कर’ असे मोघम सांगू नकोस. आठवड्यातल्या दोन रात्री नेमून दे. तो फोनवर सल्ले देतो, त्याने तुझी झोप भरून निघत नाही, हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवे, आणि तुला अवघड वाटत असेल तर मी सांगेन.

शनिवारी दुपारी मी बाबांजवळ बसायला येते. औषधांची यादी आणि ते चिडले की कशाने शांत होतात, एवढे लिहून ठेव, आणि तू बाहेर पड.

तुझी,
मालती