घाबेली नदारे, मंद्या

यझद,
२१ आबान १४०२
(म्हणजे तुमच्याकडे १२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजन)

प्रिय मंद्या,

दिवाळीच्या शुभेच्छा. सकाळपासून तुला फोन लावतोय, पण इथे व्हॉट्सॲपवर बंदी आहे. आधी 'फिल्तरशेकन' चालू करावं लागतं, म्हणजे आपलं व्हीपीएन. शब्दाचा अर्थच फिल्टर फोडणारा, आणि आज तो फोडणाराच फुटलाय. तुमचं घड्याळ दोन तास पुढे, तेव्हा एव्हाना चकलीचा डबा निम्मा झाला असणार. म्हटलं, लिहूनच काढू. लांबेल, चहा घेऊन बस.

तुला वाटत असेल मी बादगीर, म्हणजे वारा घरात उतरवणारे मनोरे, बघत फिरतोय. बघितले. दौलताबादच्या बागेतला ३३ मीटर उंच आहे, खाली उभं राहिलं की वारा थेट डोक्यावर उतरतो. त्याचे फोटो पाठवीनच. पण मला सांगायचंय ते इथल्या बोलण्याबद्दल, कारण त्यात तुझे आजोबा निघाले.

तर झालं असं. तेहरानला देहखोदा संस्थेत तीन महिने फारसी घोटून मी यझदला आलो. तिसऱ्या दिवशी टॅक्सी केली. ड्रायव्हर गप्पिष्ट. कुठला, लग्न झालं का, पगार किती, अमिताभ बच्चनचं घर पाहिलंय का, सगळं विचारून झालं. मी सांगितलं की आमचे आजोबा इथल्याच तफ्त गावचे, पोरवयात हिंदुस्थानात गेले. त्याने गाडी चालवता चालवता हात छातीवर ठेवला. उतरताना विचारलं, किती झाले? तर म्हणाला, "घाबेली नदारे." म्हणजे, तुमच्यापुढे त्याची काय किंमत! मला भरून आलं. म्हटलं, बघा, आजोबांच्या गावची माणसं. 'मेर्सी, मेर्सी' केलं आणि चालू लागलो.

दहा पावलांवर मागून हाक. "आगा..." ड्रायव्हर उभा. रागावलेला नाही, उलट त्यालाच लाज वाटत होती. मान खाली घालून म्हणाला, "चाळीस." म्हणजे चाळीस हजार तोमान. हजार बोलायचे नसतात, ते समजून घ्यायचे. आणि पावतीवर छापताना रियालमध्ये, म्हणजे आणखी एक शून्य. ते एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात मी अजून गोते खातोय.

संध्याकाळी घरमालकांना सांगितलं. मी त्यांना अमू म्हणतो, काका. निवृत्त शाळामास्तर, आमच्यातलेच, जरथुश्ती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग खडीसाखरेसारखा साखरेचा खडा दातांत धरून, वर बिनदुधाचा चहा ओढत त्यांनी मला 'तआरोफ' शिकवला. दुकानदार, टॅक्सीवाला, न्हावी, सगळे पैसे नको म्हणणार. आपण म्हणायचं, घ्याच. ते परत नको म्हणणार. आपण परत घ्या म्हणायचं. तिसऱ्यांदा ते घेतात. कुणी काही फुकट देत नाही आणि कुणी काही फुकट नेत नाही, फक्त दोघांनी एकमेकांचा 'आबेरू' राखायचा. आबेरू म्हणजे आपली अब्रू. 'आब-ए-रू', चेहऱ्यावरचं पाणी. आणि आपण म्हणतो, कुणाची अब्रू पाण्यात घालू नकोस!

आणि तिथेच, मंद्या, हातातला कप हातातच राहिला. मला पानशेत आठवलं.

ती गोष्ट तुमच्या घरी एका तऱ्हेने सांगतात आणि आमच्या घरी दुसऱ्या. १९६१, जुलैचा पूर. तुमचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड वाहून गेलेलं, तुम्ही सगळे कॅम्पात कुणाच्या तरी आउटहाउसमध्ये. तुझे आजोबा पहिल्यांदा आमच्या हॉटेलात आले, बन मस्का आणि चहा घेतला, गल्ल्यापाशी उभे राहिले. आमचे बमस, तफ्तहून आलेले तेच, म्हणाले, "राहू द्या, तुमचंच आहे." तुझे आजोबा काही न बोलता निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाणी संगमरवरावर आपटून म्हणाले, "आम्ही पूरग्रस्त आहोत, भिकारी नाही!"

तुमच्या घरी ही गोष्ट आजोबांच्या ताठ कण्याची. आमच्या घरी ती बमसच्या खुळेपणाची. ममस, त्यांची बायको, आयुष्यभर म्हणायची, ह्या माणसाला धंदा कधी कळलाच नाही, दिसेल त्याला 'राहू द्या' म्हणत सुटायचा. साठ वर्षं आपण दोन्ही घरं त्यावर हसतोय आणि त्या बिचाऱ्याने फक्त 'घाबेली नदारे'चं मराठी केलं होतं रे. टॅक्सीवाला माझ्यामागे दहा पावलं आला. बमस तुझ्या आजोबांमागे गेले नाहीत, एवढाच काय तो फरक. बहुतेक पुराच्या दिवसांत पैसे मागायला जीभ उचलली नसेल.

मग उलट बाजूही सुचली. ममस तुमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तुझ्या आजीने विचारलं, "चहा घेणार?" ममस म्हणाली, "नको, नको." आजी म्हणाली, "बरं." आणि विषय संपला! घरी येऊन ममस बाबांना म्हणाली होती म्हणे, माणसं चांगली आहेत, पण चुलीला फार जपतात. तिचा तो पहिला 'नको' होता. दोन शिल्लक होते. सदाशिव-नारायणात दुसरा 'नको' म्हणायची वेळ कुणावर कधी आली आहे का?

आता इथे माझी उलटी पंचाईत होते. अमूंच्या बायकोला मी खाले म्हणतो, मावशी. मला खरोखर नको असतं आणि मी मराठीत वाढलेला माणूस, नको म्हणजे नको. ती ते ऐकतच नाही. परवा रात्री तिसऱ्यांदा आश, म्हणजे दाट सूप, वाढायला आली. इथे शूली नावाचं आश करतात, बीट-पालेभाज्यांचं, आंबटसर. मी पोटावर हात ठेवून डॉक्टरांचं नाव घेतलं, तेव्हा कुठे पळी थांबली. खरा नकार पुराव्यासकट द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र अगदी आपल्याकडची आहे. दुपारी एक वाजला की बाजार कडेकोट बंद, थेट चार-पाचला उघडतो. मी बंद शटरसमोर उभा राहून एकटाच हसत होतो. एक म्हातारा जाता जाता मला म्हणाला, "खस्ते नबाशी." थकू नकोस. हे वाक्य इथे कामात असलेल्या कुणालाही म्हणतात, झाडूवाल्याला, बँकेतल्या बाईला, रिक्षा असती तर रिक्षावाल्यालाही. मी तर नुसता उभा होतो, पण उभं राहणंही कष्टाचंच वाटलं असेल त्याला. कुणी काही हातात दिलं की म्हणायचं, "दस्तेतून दर्द नकोने," तुमचा हात दुखू नये. त्यावर तो म्हणणार, तुमचं डोकं दुखू नये. आणि माझं सगळ्यात आवडतं ऐक. परवा टॅक्सीत पुढे बसलो, मागे एक आजीबाई. म्हटलं, माफ करा, तुमच्याकडे पाठ करून बसलोय. तर त्या म्हणाल्या, "गोल पोश्त ओ रू नदारे." फुलाला पाठ-पोट नसतं. मी, ९४ किलोचं फूल!

तुझ्या वडिलांनी निघताना दिलेला माधव जूलियनांचा फार्सी-मराठी कोश, १९२५ चा, त्याची झेरॉक्स उशाशीच असते. जूलियनांनी फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवली होती, हे मी अमूंना सांगितलं तर त्यांनी त्या पानांना हात लावून तो डोळ्यांना लावला. पण कोशावर फार भिस्त ठेवली की माणूस आपटतो. मी खालेकडे कुर्सी मागितली. ती म्हणाली, आत्तापासून? थंडी कुठे पडलीय अजून? कोर्सी म्हणजे इथे निखाऱ्यावरचं बुटकं मेज, त्यावर गोधडी पसरून सगळं घर पाय आत घालून बसतं. बसायची खुर्ची हवी तर 'संदली' म्हणायचं. आणि 'तमाशा' म्हणजे नुसतं बघणं. अमू रोज रात्री टीव्हीवर बातम्यांचा तमाशा करतात. अर्थात आपल्याकडेही आता फार वेगळं नाही म्हणा.

आडनावाची गंमत तर विचारूच नकोस. पैसे बदलायला गेलो, तिथल्या पोराने विचारलं, "फामिली?" म्हणजे आडनाव. म्हटलं, इराणी. म्हणाला, ते दिसतंय, पण आडनाव? म्हटलं, तेच. शेजारच्या खिडकीला ओरडून म्हणाला, "हा हेंदी म्हणतो, मी इराणी!" दोघं हसले, मीही हसलो. पुण्यात जन्मभर ज्या नावाने ओळखला गेलो, ते त्या पोराला आडनाव वाटलंच नाही. आणि 'इराणी चहा'चं सांगितलं तर अमूंचा विश्वासच बसेना. "दूध घालून? का? पोट बिघडलं होतं त्यांचं?"

आता तफ्तचं. हे जरा हळू वाच.

यझदपासून पंचवीसेक किलोमीटर, शीरकूह डोंगराच्या पायथ्याला. सध्या डाळिंबाचे दिवस. गल्ल्या मातीच्या भिंतींच्या, निम्म्या दारांना कुलपं. पोरं तेहरानला, नाहीतर अमेरिकेत. अमूंच्या एका नातेवाईकांकडे गेलो. दारातच बाईंनी तोंडासमोर आरसा धरला आणि ओंजळीत गुलाबपाणी ओतलं. आमच्यात पाहुण्याचं स्वागत असंच. तुमच्या आईच्या हळदीकुंकवातली गुलाबदाणी डोळ्यांसमोर आली. आत बायका आपसात बोलत होत्या आणि मला एक अक्षर कळेना. तीन महिन्यांची फारसी कुचकामी. अमू म्हणाले, ही दरी. अफगाणिस्तानातली नव्हे, आमची, फक्त जरथुश्ती घरांतली. शेजारच्या मुसलमानालाही कळत नाही.

तेवढ्यात अंगणातून एक सहा-सात वर्षांची पोर धावत आत आली आणि ओरडली, "ममस!"

मी वळलो. खरंच वळलो रे, दाराकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या म्हातारीने "हं" केलं आणि पोरीला जवळ घेतलं.

तुला आठवतं, तू तिला 'ममसआजी' म्हणायचास? आम्हाला वाटायचं ते तिचं नाव. ती गेली तेव्हा पेपरातल्या निधनवार्तेत खरं नाव वाचून तू मला विचारलं होतंस, ही कोण? ममस म्हणजे आजी. बमस म्हणजे आजोबा. तू तिला बारा वर्षं 'आजीआजी' म्हणत होतास.

म्हातारीला मी ममसचं नाव सांगितलं, बमसचंही. तिला आठवेना. ओळख पटली, गळ्यात पडली, असं काही झालं नाही. तिने फक्त विचारलं, "तिला सिरोग करता यायचे?" ते तळलेले, फुगणारे, आमच्या घरी कुणाच्या वर्षश्राद्धाला करायचे ते. म्हटलं, यायचे, डालड्यात करायची. म्हातारीने तोंड वाकडं केलं. मग खिशात मूठभर लोर्क कोंबलं, बेदाणे, बदाम, अंजिरं. मी नको म्हटलं, दोनदा. तिसऱ्यांदा गप्प बसलो. शिकलोय आता.

आतशकदेतही, म्हणजे इथल्या अग्यारीतही, गेलो होतो. अग्नी इ.स. ४७० पासून तेवतोय म्हणतात, इमारत १९३४ ची. काचेपलीकडे ठेवलाय आणि तिकीट काढून कुणीही बघू शकतं. लहानपणी तू अग्यारीच्या फाटकाबाहेर माझ्या चपला सांभाळत उभा राहायचास. इथे तुला कुणी अडवणार नाही. ये कधीतरी. "जायेत खाली," तुझी जागा रिकामी आहे. इथे जेवल्यावर, फिरून आल्यावर, जो सोबत नव्हता त्याला हे म्हणतात. मी गेल्या महिन्याभरात ते तुझ्या नावाने किती वेळा म्हटलंय, अमूंना विचार.

हां, अमूंचं राहिलंच. पानशेतची पूर्ण गोष्ट मी त्यांना काल सांगितली. ते मास्तर, त्यामुळे आधी उलटतपासणी. बमसनी 'राहू द्या' किती वेळा म्हटलं? एकदा. मग गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी नाणी आपटली, तेव्हा ते काय म्हणाले? म्हटलं, परत तेच, राहू द्या. आणि गिऱ्हाईक? ते म्हणाले, उचला मुकाट्याने. आणि पैसे? म्हटलं, दोघांपैकी कुणी हात लावेना, शेवटी दुपारी पोऱ्याने उचलून खिशात घातले.

अमू बराच वेळ दाढी खाजवत होते. मग म्हणाले, म्हणजे दोन्ही बाजूंचं दोन-दोनदाच झालंय. तिसरी फेरी बाकी आहे.

तर मंद्या, मी मार्चच्या आधी परततोय. आमचं हॉटेल काही आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान झालंय. पण कॅम्पात अजून दुसरे इराणी आहेत. बन मस्का खाऊ. बिल मीच मागवीन आणि तू पाकीट काढलंस की म्हणेन, राहू दे. तेव्हा तुझ्या आजीसारखं 'बरं' म्हणून ते परत खिशात घालू नकोस, एवढं कर.

काका-काकूंना नमस्कार. चकल्या संपवू नकोस.

तुझा,
रुश्या